सोपानच्या जपानी गाडीचं तेल

"साहेब, ह्यात चाळीस नंबर वततो आन् मोकळा हुतो," शब्बीरभाई म्हणाले आणि त्यांनी डिपस्टिक माझ्या हातात दिली.

डिपस्टिक म्हणजे इंजिनात तेल किती आहे ते बघायची लांब सळई. तिच्या टोकाला डांबरासारखं काळं काहीतरी लागलं होतं. बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं आणि आतून शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज येत होता.

गाडी जपानी होती. पांढरी, लांब, स्टिअरिंग डाव्या बाजूला. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेलं. मागच्या सीटच्या वर मखमली कव्हर घातलेला टिश्यू पेपरचा डबा. नव्वदच्या दशकात बारामतीच्या भिगवण रोडला अशी गाडी उभी राहिली की लोक सायकलवरून उतरून बघायचे. शब्बीरभाईंचं आयुष्य जीप आणि ट्रॅक्टर खोलण्यात गेलं होतं. ते गाडीपासून हातभर लांबच उभे होते.

मी तेव्हा एका ऑइल कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला होतो. तेल विकणारे वेगळे असत. कुठल्या मशीनला कुठलं तेल घालायचं आणि ते कधी बदलायचं, हे सांगणं माझं काम. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके माझ्याकडं. सीझनला साखर कारखाने, उसाचे ट्रॅक्टर, एमआयडीसीतले कॉम्प्रेसर. सकाळी स्कूटरवर निघायचं, माळेगावच्या कारखान्यावर मिलच्या गिअरबॉक्सचं तेल बघायचं, कँटीनला चहा घ्यायचा आणि येताना शब्बीरभाईंच्या गॅरेजवर टेकायचं. रस्त्यानं मळीचा वास नाकात भरायचा. तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता पुण्यात फ्लॅटमध्ये बसून तो वास आठवला की बरं वाटतं.

गाडीचा मालक सोपान कोकरे, इंदापूर तालुक्यातल्या कळंबचा. घरचा धंदा मेंढरांचा, पण हा पोरसवदा असतानाच मस्कतला गेला आणि एका कुटुंबाकडं ड्रायव्हर म्हणून राहिला. त्या मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी सोपानला देऊन टाकली. सोपाननं ती जहाजातून मुंबईला आणली, कळंबला दारात उभी केली आणि शेवटचं कॉन्ट्रॅक्ट पुरं करायला परत गेला. मागं गाडी चुलत भावाच्या हातात. भावाकडं ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरच्या डब्यातलं तेल त्यानं गाडीत घातलं. कमी झालं की वरून घालत गेला. बदललं कधीच नाही.

आता सोपान कायमचा परत आला होता आणि गाडी टिकटिक करत होती. शिवाय गाडी तापून जागेवर उभी राहिली की डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा मिचमिच करायचा. तो दिवा म्हणजे इंजिनात तेलाचा दाब कमी पडतोय, ही सूचना.

"चाळीस नंबर न्हाय घालायचं," सोपान म्हणाला. "सिंथेटिकच पायजे. मी मस्कतला तेच घालत हुतो. पाच-तीस."

हे आकडे समजावताना मला काकवी बरी पडायची. गुऱ्हाळावर काकवी गरम असली की पाण्यासारखी पळते, गार झाली की दाटते. तेलाचंही तसंच. नंबर म्हणजे तेलाचा घट्टपणा. चाळीस नंबरचं साधं तेल सकाळी गार असताना फार दाट असतं. जुन्या जीपला ते मानवतं, कारण तिच्या इंजिनात फटी मोठ्या. दाट तेल फटी भरतं आणि आवाज दाबतं. जपानी इंजिनात फटी बारीक, तेल जायच्या वाटा त्याहून बारीक. त्यातून या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारे छोटे भाग, तेलाच्या दाबावर चालायचे. तेल वेळेवर पोचलं नाही की ते टिकटिक वाजतात.

पाच-तीसमध्ये दोन आकडे. पहिला, गार असताना तेल किती पातळ राहतं त्याचा. दुसरा, तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. आणि सिंथेटिक म्हणजे जमिनीतून काढलेलं तेल नुसतं गाळून न वापरता कारखान्यात मुद्दाम घडवलेलं तेल. साधं तेल म्हणजे खळ्यावरून उचललेली ज्वारी, लहानमोठे दाणे, थोडा कचराही. सिंथेटिक म्हणजे निवडलेली, एकसारख्या दाण्याची. ते जास्त टिकतं, जास्त उष्णता सोसतं. त्यातलं डिटर्जंटही दमदार असतं, म्हणजे इंजिनातली घाण ते धुऊन काढतं.

माझी अडचण तिथंच होती.

मी इंजिन बंद करायला सांगितलं. वरचं तेल घालायचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. बोटाला काळं, लोण्यासारखं घट्ट काहीतरी आलं. आम्ही त्याला स्लज म्हणतो. जळकं तेल न बदलता वापरत राहिलं की असा थर बसतो.

"सोपानराव, ह्यात आत्ता सिंथेटिक नको," मी म्हणालो. "ते हा सगळा थर एकदम सोडवेल. सुटलेली घाण खाली चेंबरमध्ये जाईल. तिथं पंपाच्या तोंडाला जाळी आहे. ती तुंबली की तेल वर चढणार नाही आणि इंजिन बसेल. आधी चेंबर खोलून साफ करू."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची पेटी.

सोपाननं शब्बीरभाईंकडं बघितलं. शब्बीरभाईंनी माझ्याकडं.

"म्या जपानी गाडी कधी खोलली न्हाय साहेब," शब्बीरभाई म्हणाले. "येखादा बोल्ट तुटला तर तो आणायचा कुठनं?"

"आन् मला येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी कोकणात जायचंय," सोपान म्हणाला. "आबाला, माज्या वडलांना, शब्द दिलाय. गाडी खोलून ठिवली आन् जुळली न्हाय तर? तुमच्याकडं सिंथेटिक न्हाय म्हणून तुमी टाळताय, असं दिसतंय."

तो चिडला होता. झाकण स्वतः लावून तो गाडी घेऊन गेला. टिकटिक पार चौकापर्यंत ऐकू आली.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून मी पुण्याला आमच्या मॅनेजरना, साठे साहेबांना, रोजचा रिपोर्ट दिला. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. ते एकदम खूष झाले. कंपनीनं नुकतंच बाहेरून सिंथेटिक ऑइल आणलं होतं आणि ते घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं.

"अरे साबळे, रूरल एरियात इम्पोर्टेड कार! लगेच डबा पाठवतो. पाच-पन्नास आहे आपल्याकडं. फोटो काढ आणि पाठव."

"साहेब, इंजिन आतून घाण आहे. आणि पन्नास त्या इंजिनाला जास्त दाट होईल."

"कस्टमर मागतोय ना? मग तू कशाला अडवतोस?"

"इंजिन बसलं तर डब्यावर नाव आपलं आहे, साहेब."

बूथवाला मीटरकडं बघत होता. "ठीक आहे," साठे साहेब म्हणाले. "पण गिऱ्हाईक गमावू नकोस."

गिऱ्हाईक तर सकाळीच गेलं होतं. मला मात्र झोप लागेना. तेलाची चिंता नव्हती. हा माणूस कुठून तरी डबा मिळवणार आणि ओतणार, हे मला दिसत होतं.

तसंच झालं. दोन-तीन दिवसांनी शब्बीरभाईंचा निरोप आला, लगेच या. गेलो तर सोपान डबा घेऊन उभा. पुण्यातल्या कुणा ओळखीच्यानं मिळवून दिला होता. या वेळी मागच्या सीटवर त्याचे वडील बसलेले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, दोन्ही हात काठीवर. त्यांचं नाव म्हाळूआबा. खुब्याचं हाड मोडून जुळलं होतं, त्यामुळं एसटीची पायरी चढता येत नव्हती आणि जीपच्या बाकावर बसवत नव्हतं. या गाडीत मात्र ते पाय लांब करून बसू शकत होते.

"कुणाचा तू?" त्यांनी मला विचारलं.

"साबळ्यांचा. कोऱ्हाळे बुद्रुकचा."

"वढ्याकडच्या साबळ्यांचा का? मग तुज्या आज्याच्या रानात बसलीत आमची मेंढरं." त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरगं म्हणतंय, तू त्येल घालू देत न्हाईस. काय भानगड हाय?"

मी त्यांना थर, जाळी, पंप सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हंजी जंतावाणी झालं," ते म्हणाले. "लय जंत झाल्यालं मेंढरू आसलं, आन् त्येला येकदम जालीम औषद पाजलं, की समदे जंत येका टायमाला मरत्यात. आतडं तुंबतं. मेंढरू जंतानं मेलं नसतं ते औषदानं मरतं."

"तसंच आबा."

"मग तुमी काय करत हुता?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"थोडं थोडं पाजायचं. दमानं." त्यांनी सोपानकडं बघितलं. "खोलू दे गाडी. कोकण काय पळून जातंय व्हय?"

सोपाननं डबा उचलून भिंतीशी ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आबानं इतकी वर्सं माजी वाट बगितली साहेब. म्हनून घाई करत हुतो."

मग मला कोकणाची गोष्ट कळली. कळंबच्या भागातली मेंढरं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायची. भात कापून झालेलं असायचं. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं आपल्या खाचरांत बसवून घ्यायचे आणि बदल्यात भात द्यायचे. महाडच्या अलीकडं एका वाडीत पांडूदादा म्हणून शेतकरी होता. आबांची मेंढरं दर साल त्याच्या खाचरात. मग कळंबला कॅनॉलचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला, चराईची जागा गेली. आबांनी मेंढरं विकली. त्यानंतर पांडूदादाची भेट नाही. तो आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं.

शब्बीरभाईंनी बोल्ट सोडवायला घेतले. इतक्या हळू काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक बोल्टला आधी तेलाचा थेंब, मग थोडं थांबून पाना. एक बोल्ट अडला. तो करकरला आणि फिरला. शब्बीरभाईंनी कपाळाचा घाम खांद्याला पुसला.

चेंबर खाली आलं. तळाला चार बोटं काळा चिखल. पंपाची जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. लाल दिवा का मिचमिचत होता, ते समोर होतं.

सोपान वाकून बघत राहिला. "हे मी वतलं आसतं तर?" त्यानं विचारलं.

"भोरपर्यंत गेला असतात," मी म्हणालो. "पुढचं सांगता येत नाही."

चेंबर आणि जाळी डिझेलनं धुतली. चेंबरच्या जोडात बसणारं पॅकिंग मिळणार नव्हतं, म्हणून शब्बीरभाईंनी पॅकिंगच्या शीटवर चेंबरची कडा ठोकून ठोकून नवं कापलं. तेलाचा फिल्टर सोपाननं मस्कतहून आणून ठेवला होता, तो बसवला. मग मी साधं, डिटर्जंट चांगलं असलेलं पंधरा-चाळीस तेल घातलं. सोपानला सांगितलं, गाडी हळू चालवायची, कळंब-बारामती करायची आणि परत यायचं. तो आला तेव्हा तेल काळं कुट्ट. काढलं, पुन्हा नवं घातलं. पुढच्या खेपेला ते चहासारखं निघालं. टिकटिक आता फक्त सकाळी, सुरू केल्यावर पहिल्यांदा. ठरलेला रविवार केव्हाच टळला होता. सोपाननं तो विषय काढला नाही.

आता सिंथेटिक घालायला हरकत नव्हती. प्रश्न उरला, कुठलं.

सोपानचं म्हणणं पाच-तीस, कारण मस्कतला तेच. पण मस्कतला इंजिन नवं होतं. आता बेअरिंग झिजली होती. तापल्यावर तीस पातळ पडलं असतं, दाब उतरला असता. साठे साहेबांचं पाच-पन्नास, कारण गोडाऊनला तेच पडलं होतं. ते तापल्यावरही दाट. टॅपेटच्या बारीक वाटांना ते नको होतं. भिंतीजवळच्या डब्यावर तर कुठलाच नंबर धड वाचता येत नव्हता आणि सीलही मला बरं दिसेना. तो मी सोपानला परत करायला लावला. आपल्याकडं बर्फ पडत नाही, त्यामुळं पहिला आकडा पाच असायची गरज नाही, दहा पुरे. उन्हाळा कडक आणि इंजिन वापरलेलं, म्हणून दुसरा चाळीस. दहा-चाळीस. ते मुंबईच्या डेपोत होतं. साठे साहेब कुरकुरले, पण त्यांनी ते एसटी पार्सलनं पाठवलं.

तेल घातलं त्या सकाळी सोपाननं चावी फिरवली. टिकटिक झाली, दोन श्वास घेईपर्यंत, आणि थांबली. शब्बीरभाई बॉनेटवर कान लावून ऐकत राहिले. "गाडी चालू हाय का?" ते म्हणाले. त्यांना खरंच शंका आली होती.

कोकणात जाताना सोपाननं मला बरोबर घेतलं. "तुमी आसल्यावर बरं," एवढंच म्हणाला. मी नुसत्या लाल दिव्यावर भरवसा ठेवणारा माणूस नाही. माझ्या पेटीतलं, तेलाचा दाब मोजायचं प्रेशर गेज शब्बीरभाईंनी इंजिनाला जोडलं, नळी बाहेर काढली आणि गेज काचेच्या खाली, वायपरजवळ तारेनं बांधलं. काटा आतून दिसायचा.

पहाटे निघालो. नीरा गेलं, शिरवळ गेलं, भोर आलं. माझे डोळे काट्यावर. आबा मागून सांगत होते. हितं तळ पडायचा. हितं लांडगा आला हुता. ह्या पाण्यावर येक दिस थांबायचं. पायी त्यांना पंधरवडा लागायचा तो रस्ता खिडकीतून पळत होता आणि त्यांची बोटं मागं राहत होती.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "त्या काट्याकडं काय बघताय सारखं? भाईर बघा की."

मी बाहेर बघितलं. वरंधा घाट सुरू झाला होता. खाली दरी, उन्हं नुकतीच तिच्या तळाला पोचत होती. सोपाननं काही न सांगता गाडी कडेला घेतली. आबा दार उघडून बसल्या जागेवरून बघत राहिले. कुणी घाई केली नाही.

वाडी सापडली. पांडूदादा होता. अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता. ऐकू कमी येत होतं, पण पटका बघून तो उठला. दोघांनी एकमेकांचे दंड धरले. बराच वेळ तसेच.

"मेंढरां कुठं ठेवलीस?" पांडूदादानं विचारलं.

"इकली," आबा म्हणाले. ऐकू गेलं नाही म्हणून मोठ्यानं म्हणाले, "इकली रं. औंदा मी येकटाच आलोय."

पांडूदादा आमच्या गाडीकडं, मग सोपानकडं बघत राहिला. मग आत जाऊन त्यानं पोरांना हाका मारल्या. जेवण झालं, पान झालं, दुपार उलटली. निघताना त्याच्या मुलानं भाताचं पोतं डिकीत ठेवलं. आबा नको म्हणाले.

"मेंढरं न्हाय बसवली. भात कशाचं?"

"तू बसलास ना," पांडूदादा म्हणाला.

खरी परीक्षा परतीला होती. कोकणातून घाट चढताना रस्ता उभा, गाडीत भाताचं पोतं आणि आम्ही तिघं. सोपाननं दुसऱ्या गिअरवर गाडी ठेवली. काटा थोडा खाली सरकला आणि तिथंच थांबला. माथ्यावर मुद्दाम गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं. लाल दिवा लागला नाही. सोपाननं स्टिअरिंगवरून हात काढून मांडीला पुसले. आबा मागं झोपले होते.

ती गाडी पुढं बरीच वर्षं चालली. पार्ट मिळेनासे झाले तेव्हा सोपाननं ती विकली आणि तोवर आबा राहिले नव्हते. दर हिवाळ्यात एकदा ते कोकणात जाऊन यायचे, हे मात्र त्यांनी चुकवलं नाही. शब्बीरभाईंनी पुढं अशा गाड्यांची भीती सोडली. इंदापूरपासून लोक त्यांच्याकडं यायला लागले. साठे साहेबांनी जिल्ह्यात सिंथेटिक खपत नाही, असा शेरा मारला आणि तो तेव्हा खरा होता.

आता दुकानात डब्यांच्या रांगा असतात. ओळखीचे लोक फोन करून विचारतात, कुठलं चांगलं? मी त्यांना गाडीचं वय विचारतो. आधी कुठलं तेल होतं आणि ते केव्हा बदललं, हे विचारतो. बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग मी म्हणतो, डब्याचं नंतर बघू, आधी गाडी घेऊन या.